उलटा टाक

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. सकाळी दुकानात जाताना डबा घरीच विसरले होते, आणि तो डबा घेऊन नवीन पनवेलहून जुन्या पनवेलला रिक्षाने जायचं म्हणजे माझी अख्खी दुपार फुकट. चपला घालता घालता त्यांना काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, लगेच निघा. अरविंदभाऊ खुर्चीत बसल्या बसल्याच…" मी डबा हातात धरूनच गेले. का, ते मला आजही सांगता येत नाही. भाऊजी खुर्चीत तसेच होते, मान जराशी कलंडलेली, भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि समोर रुमालावर एक पितळी बिल्ला. तो कुठला, हे ओळखायचं काम अर्धवट राहिलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नाही, त्याला असं उठून जावं लागलं याचा मला फार राग आला. अजूनही येतो.

अरविंद हा माझा धाकटा दीर. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिला, आणि आमच्या फ्लॅटमधली एक खोली त्याने हळूहळू पितळेने भरून टाकली. पोटापाण्यासाठी उरण नाक्याजवळ चष्म्याचं दुकान होतं, पण जीव जडला होता तो पलटणींच्या जुन्या बिल्ल्यांवर. टोपीवरचे, खांद्यावरचे, पट्ट्याच्या बकलांवरचे. भंगारवाल्यांच्या पोत्यांतून, जुन्या बाजारांतून तो ते वेचून आणायचा आणि मग एकेकाचा पिच्छा पुरवायचा. कुठली पलटण, कुठला काळ, कुणाच्या अंगावर. ओळख पटलेले बिल्ले काचेच्या कपाटात जायचे, न पटलेले एका खणात. त्या खणावर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'अनोळखी'. मी त्याला म्हणायची, "भाऊजी, एवढी स्थळं पाहिली असतीत तर आज घरात नातवंडं असती." तो हसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे बिल्ले कुणाच्या तरी अंगावर होते. नाव हरवलेल्या माणसाला नाव मिळवून देणं, हे काय कमी आहे का?" मी नाक मुरडायची. पण बायजाबाई आल्यापासून नाक मुरडणं बंद केलं.

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट असेल. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि दुपारचा डबा घेऊन बरेचदा दुकानात जाऊन बसत होते. एक दिवस गव्हाणकडच्या एका गावातून (नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली मंडळी रागावतील) बायजाबाई नावाची एक म्हातारी आपल्या मुलाला घेऊन आली. काटक अंग, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी शिबिरांत मोतीबिंदू काढायचे आणि आत भिंग बसवायचे नाहीत, तेव्हा असे बाटलीच्या बुडासारखे चष्मे लागायचे. तिने तो काढून काउंटरवर आपटलाच.

"तुमी दिलेला चष्मा बराबर नाय, डाक्टर. समदां दिसतंय, पन देवाचां तोंड दिसत नाय."

भाऊजींनी नंबर तपासला, तो बरोबर होता. तिला दूरचं वाचायला सांगावं तर अक्षर येत नव्हतं, म्हणून चित्रांचा तक्ता लावला. तिने बदक, छत्री, किटली सगळं धडाधड ओळखलं. तरी तिचं एकच. देवाचं तोंड दिसत नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "देव इथे घेऊन या, मग बघू." त्यावर ती अशी काही चपापली की मुलगाच मध्ये पडला. "देव्हाऱ्यातला हाय तो. भायेर नाय काढत आमी." हसुराम त्याचं नाव, रेतीचा डंपर चालवायचा, बोलायला मवाळ. भाऊजी म्हणाले, "मग मी येतो." चष्मा विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या देवाचं तोंड बघायला त्याच्या गावी जातो हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. रविवारी ते निघाले, मला काही काम नव्हतं, मीही गेले.

देव म्हणजे एक टाक होता. देव्हाऱ्यात चांदीच्या छोट्या पत्र्यावर देवाची किंवा घरच्या वाडवडिलांची आकृती उठवून ठेवतात, तो. बाकीच्या टाकांवर नेहमीसारखी ठसठशीत तोंडं होती. या एकावर मात्र चांदीच्या पत्र्यात पितळेचा काहीतरी तुकडा बसवलेला होता, आणि घासून घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की नुसता बाह्याकार तेवढा उरला होता. वर कमानीसारखं पागोटं, एका बाजूला बाहेर आलेला त्याचा शेमला, दोन्हीकडून उतरत गेलेले गाल, खाली निमुळती हनुवटी. मध्ये काही नाही. घरातले त्याला 'पागोटेवाला बाबा' म्हणत. बायजाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून दर सणाला तीच चिंच लावून टाक उजळत आली होती. ती पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मना वाटतंय, मीच त्याचां नाकडोलां पुसलां." तेव्हा कुठे मला कळलं की भांडण चष्म्याचं नव्हतंच. चष्मा खोटा निघावा, अशी तिची मनापासून इच्छा होती.

भाऊजी मात्र टाकाकडे बघतच राहिले होते. मला तो चेहरा ओळखीचा होता, जुन्या बाजारात पोत्यात हात घातल्यावर व्हायचा तो. बाहेर अंगणात आल्यावर त्यांनी विचारलं, "हा कुणाचा टाक?" तेव्हा सगळी कहाणी निघाली. टाक होता बायजाबाईच्या आजेसासऱ्याचा, धर्माचा. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी तो पलटणीबरोबर गेला आणि परत आलाच नाही. पुढे कधीतरी घाटावरचा एक माणूस खाडी ओलांडून त्यांच्या दारात आला. धर्माच्या बायकोच्या हातात त्याने तो पितळेचा तुकडा ठेवला, "तुझा नवरा आमचा बिगारी होता बाई," एवढं बोलला, पाणी प्याला आणि गेला. तिने तुकडा सोनाराकडे नेला. सोनाराला त्यात पागोटं घातलेला चेहरा दिसला, त्याने तो चांदीवर बसवून टाक करून दिला. धर्मा देव्हाऱ्यात बसला. पण त्या एका वाक्याने तो गावात कायमचा बिगारी झाला. आता गावाने ठरवलं होतं की शाळेपुढे एक फरशी लावायची, त्या गावातून लढायांवर गेलेल्यांच्या नावांची. धर्माचं नाव त्यातून वगळलं होतं. बिगारी म्हणजे ओझी उचलणारा, तो कसला सैनिक?

"बिगाऱ्याकडे पलटणीचा बिल्ला कुठून येईल?" भाऊजी म्हणाले. "हा बिल्ला आहे, हसुराम. मी पैजेवर सांगतो."

ज्यांच्या हातात फरशीचं काम होतं त्या तात्यांना जाऊन भेटलो. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस, वाईट नव्हते, पण एकदा बोललं की बोललं. ते म्हणाले, "बिल्ला काय, कुनाचा पन पडलेला उचलता येतंय. कसला बिल्ला हाय तो सांगा, कुनाच्या आंगावरचा ता सांगा. मंग बगू." भाऊजींनी मान डोलवली, ती हार मानल्यासारखी नव्हती. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे. सांगतो."

आणि मग त्यांनी जे काही केलं ते बघून मी हात टेकले. टाक उकलून बिल्ल्याची मागची बाजू बघितली असती तर काम कदाचित सोपं झालं असतं, पण बायजाबाईने साफ सांगितलं होतं, "देव उकलायचा नाय." भाऊजींनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांनी टाकावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली, लहानपणी आपण नाण्यांचे ठसे काढायचो तसे. तो ठसा दुकानात चित्रांच्या तक्त्याशेजारी लावला, म्हणजे सतत डोळ्यांसमोर राहील. त्याच्या प्रती पुण्याला, नाशिकला, बेळगावला, जिथे जिथे त्यांच्यासारखे वेडे लोक होते तिथे तिथे पाठवल्या. सायबर कॅफेत बसून एक बोट वापरून परदेशातल्या लोकांना मेल लिहिले. मुंबईत नाणी आणि पदकं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे ठसा खिशात घालून टेबलाटेबलावर फिरले. उत्तरं येत होती. कुणी म्हणे एखाद्या संस्थानातली फौज असेल, कुणी म्हणे बटण आहे, एकाने तर लिहिलं की असा बिल्ला कधी नव्हताच, तुम्हाला कुणीतरी बनवलंय. पागोटं घातलेल्या माणसाचं तोंड असलेला बिल्ला कुठल्याही पुस्तकात नव्हता. आमचे 'हे' एकदा जेवताना म्हणाले, "अरे, सोड आता. नसेल काही." भाऊजींनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, "दादा, काहीतरी आहे म्हणून तर तो माणूस खाडी ओलांडून आला."

फरशी सव्वीस जानेवारीला बसणार होती. डिसेंबर लागला तरी भाऊजींच्या हातात काही नव्हतं. मला त्यांच्यापेक्षा बायजाबाईची काळजी वाटायला लागली होती, कारण ती दर बाजाराला दुकानावरून जाताना आत डोकवायची, काही विचारायची नाही, नुसती त्या ठशाकडे बघून पुढे जायची.

असंच एके दिवशी हसुराम तिचा जुना जाड चष्मा दुरुस्तीला टाकून गेला होता, काडी ढिली झाली होती म्हणून. मी डबा उघडत होते. भाऊजींनी स्क्रू आवळला, भिंगं पुसली आणि सवयीप्रमाणे हात लांब करून चष्म्यातून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. चष्मेवाले दिवसातून कितीतरी वेळा करतात हे. भिंग नीट बसलंय का ते कळतं. भाऊजींचा हात तसाच लांब राहिला.

"वहिनी… इकडे या. काही विचारू नका. हात असाच लांब धरा आणि यातून तो ठसा बघा."

मी बघितलं. एवढ्या जाड भिंगातून हात लांब करून पाहिलं की पलीकडचं सगळं उलटं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. बदक पाय वर करून पोहत होतं. आणि शेजारचा पागोटेवाला बाबाही उलटा झाला होता. पागोट्याची कमान खाली आली होती, ती कमान नव्हतीच, वळवलेली नळी होती. शेमला म्हणजे तिचं पसरट तोंड होतं. गाल म्हणजे दोन्ही टोकांना बांधलेली दोरी, आणि हनुवटी म्हणजे त्या दोरीची वर मारलेली गाठ. इतकी वर्षं शाळेत झेंडावंदनाला उभी राहिलेली बाई मी. माझ्या तोंडून निघालंच, "अहो, हा तर बिगुल!"

सोनाराने उलटा बसवला होता. पत्र्यावर चेहरे उठवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पितळेतही चेहराच दिसला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष. आणि मग सगळ्यांनी, भाऊजींसकट, त्याच्याच नजरेने पाहिलं. भाऊजी दुकानभर येरझाऱ्या घालत बोलत होते. टोपीवरचा बिल्ला असता तर त्यात पलटणीचा आकडा असता, पट्टीवर नाव असतं. हा नुसता बिगुल. हा बाहीवर लावायचा, आणि लावायचा फक्त त्याने, जो पलटणीत बिगुल वाजवतो. बोलता बोलता ते एकदम थांबले आणि खाली बसले. डोळे भरून आले होते.

"बिगलर, वहिनी! बिगुल वाजवणाऱ्याला शिपाई बिगलर म्हणायचे. तो माणूस दारात उभा राहून म्हणाला असणार, तुझा नवरा आमचा बिगलर होता. त्या माउलीने आयुष्यात बिगुल ऐकला नव्हता, पाहिला नव्हता. तिला जो शब्द ठाऊक होता तो तिने ऐकला."

डबा तसाच राहिला. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी गावाकडे धावला असता. भाऊजी बेळगावला गेले. तिथल्या एका संग्राहकाकडे बाहीवरचा तसला बिल्ला होता, चांगल्या अवस्थेतला. त्याच्यावर भाऊजींनी आपला कागद ठेवला. नळी नळीवर बसली, गाठ गाठीवर. त्या गृहस्थांनी मोठ्या मनाने बिल्ला दाखवायला नेऊ दिला. एवढं झाल्यावर मगच भाऊजी गावात गेले.

बायजाबाईला त्यांनी आधी घरात बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत होती. बिगुल म्हणजे काय ते तिला नीट कळलं की नाही कोण जाणे, पण तिने पहिलं विचारलं ते हे, "म्हंजे त्याला नाकडोलां नवतीच?" भाऊजी म्हणाले, "कधीच नव्हती, आजी. तुम्ही काही पुसलं नाही." ती ओंजळीत तोंड लपवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मलाही आवरेना.

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. भाऊजींनी दोन्ही बिल्ल्यांचे ठसे हातोहात फिरवले. तात्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे वाजंत्रीच की वो." दोघंचौघं हसले. भाऊजी एरवी मऊ माणूस. तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही, पण इतका कडक झाला की मी वळून बघितलं. "तात्या, त्याने वाजवल्याशिवाय पलटण उठत नव्हती, जेवत नव्हती आणि पुढे सरकत नव्हती. गोळीबार चालू असताना सगळे आडवे व्हायचे, तेव्हा याला वाजवायला उभं राहावं लागायचं." हसणं थांबलं. तात्यांनी ठसा पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "बरां. धर्माचां नाव लावू."

मला वाटलं, झालं. हसुरामने माझ्याकडे बघून हात जोडले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बायजाबाई उठली.

"त्याच्यासंगं आजून दोगं गेलेलं या गावचं. त्यांची नावां कुटं हायेत?"

तात्या म्हणाले, "बाय, ते खरंच बिगारी व्हते. ओझी उचलाय गेलेलं."

"आले का परत?"

तात्यांनी नकाराची मान हलवली.

"आमच्या घराला बिगारी बिगारी म्हनून तुमी हिनवलां. आमचा सुटला, आता त्यांच्या घरांनी ऐकायचां काय? लावायची त तिनी नावां लावा. नाय त आमच्या बाबाचां पन नको."

हसुराम "आये, आये" करत राहिला. इतक्या वर्षांनी हातात आलेलं ती परत करायला निघाली होती. भाऊजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजी म्हणतात तसंच." सव्वीस जानेवारीला फरशी बसली नाही. वाद झाले, बैठका झाल्या, तात्या रुसले. भाऊजी दर रविवारी जात राहिले, दुकानाला कुलूप लावून, जणू हे त्यांच्याच घरचं काम होतं. पुढच्या पंधरा ऑगस्टला फरशी लागली. तीन नावं वाढली होती, आणि नावांपुढे त्यांचं काम लिहिलं होतं. धर्माच्या पुढे बिगलर, बाकी दोघांपुढे बिगारी. बायजाबाईने वाचता येत नसताना तिन्ही नावांवरून बोट फिरवलं. तात्यांनी स्वतः नारळ फोडला.

टाकाचं काय करायचं, हे भाऊजींनी तेव्हाच विचारलं होतं. सोनाराकडून सुलटा बसवून आणू का? बायजाबाई हसली. "ऱ्हावंदे. मी ज्या तोंडाला हात जोडलं, ता हाय तसांच ऱ्हावंदे." जरा चुकलेलं दिसलं की ज्यांना झोप लागायची नाही ते भाऊजी चक्क "बरोबर आहे" म्हणाले. त्यांची मात्र एक सवय बदलली. त्यानंतर कुठलाही बिल्ला हातात आला की ते पहिल्यांदा तो उलटा करून बघायचे. भाजीत मीठ कमी झालं म्हणून मी कुरकुर केली तरी म्हणायचे, "वहिनी, उलटं करून बघा, पोळी खारट झालीय."

भाऊजींचे दिवस झाल्यावर मी दुकान उघडलं. मागचा पसारा आवरायचा होता. हसुरामच्या हाताला धरून बायजाबाई आली. आता पार वाकली आहे. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, समोरच्या ठशाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, "यांचा टाक क्येला का?" मी सांगितलं, आमच्यात माणसांचे टाक करत नाहीत. ती म्हणाली, "पोर नाय, बाल नाय. मंग त्यांना बगनार कोन?" मी म्हटलं, "मी आहे." ती म्हणाली, "मंग तूच कर."

केला. पनवेलच्याच सोनाराकडे गेले. घरातून विरोध नव्हता, 'हे' फक्त म्हणाले, तुला योग्य वाटेल ते. सोनाराने वही पुढे ओढून विचारलं, फोटो आणलाय का, चेहरा कसा उठवू? मी म्हटलं, चेहरा नको. चष्मा उठव. नुसता चष्मा, दोन भिंगं आणि मध्ये नाकावरची कमान. तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत असला टाक कुणी मागितला नव्हता म्हणाला. मग त्याने कागदावर चष्मा काढून दाखवला आणि विचारलं, "बसवायचा कसा? वरची बाजू कुठली धरू?" माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू एकदमच आलं. म्हटलं, कसाही बसव. उलटा बसला तरी चष्माच दिसेल. या माणसाला कुणी दुसराच समजून बसायला नको.

तो टाक देव्हाऱ्यात नाही. भाऊजींच्या खोलीत 'अनोळखी' लिहिलेल्या खणावर ठेवलाय. चिंच लावत नाही, भाऊजींच्याच दुकानातल्या मऊ फडक्याने पुसते. मग खण उघडते आणि त्यांच्यापुढे रुमालावर अर्धवट राहिलेला तो बिल्ला बाहेर काढते. बेळगावला पत्र टाकलंय, पुण्याला ठसा पाठवलाय, मेल करायलाही शिकतेय, एका बोटाने. अजून ओळख पटलेली नाही. पटेल. आज सकाळीही हातात घेतला आणि आधी उलटा करून बघितला.